चान्यांचे चणे झाले त्याची गोष्ट



१४ जानेवारीला लोक तिळगूळ वाटतात. आम्ही त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटसमोर पुस्तकांचं टेबल मांडतो. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि प्रत्यक्षात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत काय काय जळलं हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं अजून येतात. कमानीला हात लावतात, नातवाला फोटो काढायला सांगतात, आणि मग टेबलापाशी येऊन विचारतात, "नवीन काय हाये?"

हे टेबल आम्हा तिघांचं. एक बँकेतून निवृत्त झालेला, एक कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा आणि एक डीटीपीचं दुकान चालवणारा. वर्षाला दोन, फार तर तीन पुस्तकं काढतो. पैसे वर्गणीतून, उधारीतून आणि घरच्यांच्या शिव्या खाऊन जमतात. याला प्रकाशनसंस्था म्हणायचं का, हा प्रश्न आमच्या बायकांनी अनेकदा विचारला आहे.

यंदा शेजारच्या टेबलावर एक चकचकीत पुस्तक होतं. बाबासाहेबांचे हजार सुविचार, किंमत साठ रुपये, आमच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त खपत होतं. आम्हीही एक प्रत घेतली. उघडलं तर बाबासाहेब एखाद्या साखळी-विक्रीवाल्या कंपनीच्या प्रशिक्षकासारखे बोलत होते. स्वतःवर विश्वास ठेवा, अपयशाला घाबरू नका, सकाळी लवकर उठा. प्रत्येक वाक्याखाली ‘डॉ. बी. आर. आंबेडकर’. कुठल्या ग्रंथातलं, कुठल्या भाषणातलं, काही नाही. विकणारा पोरगा आपलाच, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याला विचारलं तर न लाजता म्हणाला, "सर, एआयकडून करून घेतलंय. दोन दिवसांत झालं." घरी येऊन आम्ही शासनाचे खंड काढले आणि पहिली वीस वाक्यं शोधायला बसलो. चार सापडली, तीही मोडतोड झालेली. बाकीची सोळा कुठेच नाहीत.

कुणी म्हणेल, खोटी अवतरणं काय आज निघाली? व्हॉट्सॲपवर दहा वर्षं फिरतायत. खरं आहे. पण पूर्वी खोटं वाक्य तयार करायलासुद्धा कुणाला तरी डोकं खाजवावं लागायचं. आता हजार वाक्यांना दोन दिवस पुरतात. पुढच्या वर्षी एखादा विद्यार्थी त्यातलंच वाक्य भाषणात घेईल, ते भाषण इंटरनेटवर जाईल, आणि यंत्र ते पुन्हा गिळून ‘बाबासाहेब असे म्हणाले होते’ असं छातीठोकपणे सांगेल. ज्या माणसाने प्रत्येक विधानाला आधार दिला, तळटीपांवर तळटीपा लिहिल्या, त्याच्याच नावाने हे व्हावं!

हे फक्त आमच्या टेबलावर घडतंय असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या मासिकाला काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं, कारण यंत्राने लिहिलेल्या कथांचा पूर आला होता. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपल्या स्वयं-प्रकाशनाच्या खिडकीवर नियम केला की एका लेखकाला दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं टाकता येणार नाहीत. दिवसाला तीन! आम्हाला तीन पुस्तकांना दीड वर्ष लागतं.

पण त्या पोराला नावं ठेवून आम्ही मोकळे होणार नाही. कारण त्याच्या आधी वर्षभर आम्ही स्वतः जे करून बसलो होतो, ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

मराठवाड्यातल्या एका गावच्या एक आजी आहेत. वय ऐंशीच्या आसपास, त्यांनाही नक्की माहीत नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. येसकरपाळीच्या भाकरी मागितल्या, ढोरं ओढताना पाहिली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, नामांतरात घर जळताना पाहिलं. त्यांचं सांगणं आम्ही दोन हिवाळे त्यांच्या ओट्यावर बसून मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलं. एक्केचाळीस फाइली झाल्या. आता हे सगळं ऐकून टाइप कोण करणार? आमच्यातल्या डीटीपीवाल्याने हिशोब मांडला, चार-पाच महिने. मग मास्तरांनी तोडगा काढला. यंत्राला आवाज द्यायचा, ते लिहून देतं, वर ‘शुद्ध आणि प्रवाही मराठीत’ करून मागायचं. आठवड्याभरात हस्तलिखित तयार. आम्ही वरवर चाळलं. शुद्धलेखन उत्तम. वाक्यं गुळगुळीत. एकमेकांना टाळ्या दिल्या आणि तीनशे प्रती छापून घेतल्या.

छापलेलं पुस्तक घेऊन आम्ही आजीकडे गेलो. नातीने वाचायला घेतलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. पाच-सात पानं झाली असतील, त्यांनी हात वर केला.

"पोरांनो, ही कोन बाई हाये?"

"आजी, तुम्हीच. तुमचंच सांगणं आहे."

"म्या आसं कधी बोलले न्हाई. ही बाई मी न्हाई."

त्या रात्री आम्ही पुस्तक आणि फाइली शेजारी ठेवून बसलो, आणि जे दिसलं त्याने झोप उडाली.

आजी म्हणाल्या होत्या, आईने पत्र्यावर चान्या वाळू घातल्या. चान्या म्हणजे काय हे आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना सांगावं लागणार नाही, पण नव्या पिढीसाठी सांगतो. मेलेल्या ढोराच्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या आणि पावसाळ्यात पुरवून खायच्या, त्या चान्या. पुस्तकात छापलं होतं : आईने छतावर चणे वाळत घातले. आजी म्हणाल्या होत्या, दुष्काळात मिलोची भाकर खाल्ली. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, तिला मिलो म्हणायचे. पुस्तकात : दुष्काळात मिळालेली भाकर खाल्ली. ‘येसकरपाळी’ची ‘रखवालीची वेळ’ झाली होती. ‘म्हारवाडा’ जिथे जिथे होता तिथे तिथे ‘वस्ती’. भुकेचं एक अख्खं प्रकरण ‘संघर्षमय प्रवास’ या शीर्षकाखाली दोन पानांत आटपलं होतं.

आणि सगळ्यात वाईट नामांतराचं प्रकरण. आजींनी नावं घेऊन सांगितलं होतं. कुणाचा पोरगा रॉकेलचा डबा घेऊन पुढे होता, कुणी कडी बाहेरून लावली, कोण लांब उभं राहून बघत होतं. पुस्तकात काय? ‘काही समाजकंटकांच्या कृत्यामुळे घराला आग लागली.’ घर जाळलं गेलं नाही, घराला आग लागली. चूल नीट विझवली नव्हती जणू!

मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यंत्राने यात कुठेही शिवी दिलेली नाही. जातीयवादी असं एकही वाक्य त्यात नाही. त्याने फक्त एका म्हातारीला सभ्य केलं. तिच्या तोंडातलं मांस काढून तिथे चणे ठेवले आणि घर जाळणाऱ्यांची नावं पुसली. हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. इंटरनेटवर सहज सापडणारी मराठी वर्तमानपत्रांची, सरकारी पत्रकांची, पाठ्यपुस्तकी वळणाची आहे. त्या मराठीत घरं जाळली जात नाहीत, ‘अनुचित प्रकार’ घडतात. त्या मराठीत चान्या नाहीत, म्हणून यंत्राला जवळचा शब्द सापडला तो चणे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने याच विषयावर एक शोधलेख छापला. एका दलित संशोधकाने आपला अर्ज चॅटजीपीटीकडून नीट करून घेतला, तर यंत्राने त्याचं आडनावच बदलून ‘शर्मा’ केलं. मागितलं नव्हतं. अर्ज चांगला व्हायचा तर आडनावही ‘चांगलं’ हवं, असं त्या यंत्राने जे काही वाचलं त्यातून त्याला उमगलं असणार. ते वाचलं तेव्हा आमची आजी आठवली. त्याचा शर्मा झाला, आमच्या चान्यांचे चणे झाले.

आता काही जाणकार म्हणतील, संपादक हे नेहमीच करत आले. ‘प्रमाण’ भाषेच्या नावाखाली आमच्या किती लेखकांची वाक्यं कापली गेली याचा हिशोब कुणी ठेवला आहे? कबूल. पण त्यातही फरक होता. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर त्या जगाला परके होते. पण त्यांनी ढसाळांना शब्दांचे अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर तो भाग पायी फिरून पाहिला. आपल्याला कळत नाही हे कळणारा माणूस होता तो. यंत्राला आपल्याला कळत नाही हे कळत नाही. आमच्या एक्केचाळीस फाइलींत त्याने एकदाही विचारलं नाही की आजी, चान्या म्हणजे काय? कल्पना करा, ‘गोलपिठा’चं हस्तलिखित कुणी यंत्राला देऊन म्हणालं असतं, शुद्ध आणि प्रवाही करून दे. काय उरलं असतं?

पैशाकडे येऊ, कारण पैशाशिवाय चळवळीतल्या पुस्तकांची गोष्ट पुरी होत नाही. बाबासाहेबांचीही झाली नव्हती. ‘मूकनायक’ची पैसे देऊन जाहिरात छापायलासुद्धा ‘केसरी’ने १९२० साली नकार दिला होता. लाहोरच्या मंडळाने १९३६ साली भाषण रद्द केलं तेव्हा ‘जातीचा उच्छेद’च्या मूळ इंग्रजी पुस्तिकेच्या पंधराशे प्रती त्यांनी पदरच्या पैशाने छापल्या. १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या छपाईचा खर्च झेपेना म्हणून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात असं पत्र त्यांना नेहरूंना लिहावं लागलं आणि नकार ऐकावा लागला. आमच्या तीनशे प्रतींचं रडगाणं त्यापुढे काहीच नाही. पण वळण तेच आहे.

अमेरिकेत लेखकांनी अँथ्रॉपिक या कंपनीला कोर्टात खेचलं. यंत्राला शिकवण्यासाठी कंपनीने चोरट्या संकेतस्थळांवरून लाखो पुस्तकं उतरवली होती. जून २०२५ मध्ये न्यायमूर्ती विल्यम ॲल्सप यांनी निकाल दिला तो मोठा चमत्कारिक आहे. विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकवणं कायद्यात बसतं, पण चोरलेल्या पुस्तकांचा साठा करणं बसत नाही. म्हणजे वाचणं गुन्हा नाही, फुकट उचलणं गुन्हा. त्यानंतर कंपनीने दीड अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. आपल्या रुपयांत अडीच लाखांच्या पुढे. सुमारे पावणेपाच लाख पुस्तकं त्यात बसली.

आम्ही ती बातमी वाचली तेव्हा निवृत्त मित्राने लगेच कागद घेऊन आमच्या पुस्तकांना अडीच लाखांनी गुणायला सुरुवात केली. मग अट वाचली. पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात मुदतीत नोंदणी झालेली हवी, त्याला आयएसबीएन हवा. कागद बाजूला ठेवला. आमच्या निम्म्या पुस्तकांना आयएसबीएन नाही. आणि गंमत पुढेच आहे. आमची पुस्तकं जुळवली आहेत श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये, त्यातला मजकूर युनिकोड नाही. उचलून यंत्राला दिला तर त्याला नुसती अगम्य अक्षरं दिसतील. थोडक्यात, आम्ही चोरण्याच्याही लायकीचे नाही! चोरसुद्धा ज्याला शिवत नाही असं साहित्य. यावर आम्ही खूप हसलो, आणि हसून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

इकडे भारतातही हालचाल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुढे प्रकाशकांचा महासंघही त्या दाव्यात आपलं म्हणणं घेऊन उतरला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याने नेमलेल्या समितीने एक मसुदा मांडला. त्याचा गाभा असा की कंपन्यांनी यंत्राला शिकवण्यासाठी साहित्य वापरावं, लेखकाला ‘नाही’ म्हणता येणार नाही, पण त्याबदल्यात कंपन्यांनी मोबदला द्यावा आणि तो एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटला जावा.

ऐकायला बरं वाटतं. पण ‘नाही म्हणता येणार नाही, काम करा, वाटा मिळेल’ ही व्यवस्था आमच्या आज्या-पणज्यांना चांगली माहीत आहे. तिला बलुतं म्हणायचे. खळ्यावर वाटा मिळायचा तो कुणाच्या मापाने? कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर? महाराला काय पडायचं ते सांगायला नको. म्हणून आमचा सवाल मोबदला असावा की नसावा हा नाही, यादी कोण करणार हा आहे. साठ रुपयांची पुस्तिका स्वतः छापून गेटवर विकणारा शाहीर त्या यादीत येणार का? आमच्या आजीचं काय? ज्यांच्या नावावर कधी काही नोंदलंच गेलं नाही, त्यांना नोंदणीच्या आधारे वाटा देणार म्हणजे नेमकं काय देणार? प्रकाशकांच्या मोठ्या संघटना कोर्टात उभ्या आहेत, चांगलं आहे. आमच्यासारख्या टेबलवाल्यांचं तिथे कोण आहे?

याच मुद्द्यावर आमच्या तिघांत कडाक्याचं भांडण झालं, तेही सांगून टाकतो. मास्तर म्हणाले, यंत्राला नावं ठेवणं हा भद्र लोकांचा उद्योग आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे त्यांना एआय म्हणजे संस्कृतीवरचं संकट वाटणारच. आपल्या पोराला परदेशी विद्यापीठाचा अर्ज कोण लिहून देत होतं? हजार रुपये घेऊन अर्ज तपासणारे? आज खेड्यातली पोरगी रात्री अकरा वाजता यंत्राला प्रश्न विचारते आणि ते तिला ‘तुझं आडनाव काय’ असं विचारत नाही.

आम्ही याला उत्तर दिलं नाही, कारण यातलं बरंच खरं आहे. बाबासाहेबांनी गांधीवादाची चिकित्सा करताना हेच तर मांडलं होतं. यंत्राने दुःख आणलं असेल तर दोष यंत्राचा नाही, ते काही थोड्यांच्या मालकीचं करणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून यंत्र मोडू नका, समाजाची घडण बदला, सर्वांना त्याचा फायदा होईल असं करा. चरख्याच्या मागे लागलेल्या काळात हे सांगायला छाती लागते. तेव्हा एआयवर बहिष्कार टाका असं आम्ही म्हणणार नाही. पण ‘आडनाव विचारत नाही’ हे मात्र आम्ही मास्तरांना मागे घ्यायला लावलं. विचारत नाही, परस्पर बदलतं.

आणखी एक माणूस या भांडणात गप्प होता. डीटीपीवाला. पूर्वी त्याच्याकडे महिन्याला चार-पाच पुस्तकांची जुळणी, मुद्रितशोधन, कधी हिंदीतून मराठी अनुवाद असं काम यायचं. मुद्रितं तपासायला एक निवृत्त शिक्षिका येत, त्यांनी आमच्या सगळ्या पुस्तकांची शुद्धलेखनाची लाज राखली. आता लोक यंत्राकडून तपासून आणतात आणि म्हणतात, फक्त पानं लावून दे. बाईंना गेल्या दिवाळीपासून काम नाही. त्या येतात, चहा घेतात, जुन्या पुस्तकांची पानं चाळून जातात. चुकून एकदा आम्ही आजीचं पुस्तक त्यांना दाखवलं होतं, छापून झाल्यावर. त्यांनी तिसऱ्याच पानावर पेन्सिल टेकवली : "छतावर? या बाईच्या घराला छत कुठलं? पत्रा असेल." छापण्याआधी तीन हजार रुपये बाईंना दिले असते तर तीनशे प्रती वाचल्या असत्या. आम्ही वाचवले ते तीन हजार.

त्या तीनशे प्रती आम्ही विकल्या नाहीत. गेटवर नेल्या नाहीत. मास्तरांच्या घरी पलंगाखाली आहेत. मुखपृष्ठावर आजीचा फोटो असल्याने रद्दीला घालायला हात धजत नाही.

सध्या बाई आणि डीटीपीवाला दोघं मिळून मूळ फाइली कानाला लावून टाइप करतायत, या वेळी युनिकोडमध्ये. एक्केचाळीसपैकी एकोणीस झाल्या. अडलं की आजीला फोन लावायचा. आजीला हे आता आवडू लागलंय. परवा ‘चान्या’वर बाईंनी कंसात अर्थ द्यायचा का विचारलं, तर आजी म्हणाल्या, "ज्यानं खाल्ल्या त्याला ठावं हाये. ज्यानं न्हाई खाल्ल्या त्यानं इचारावं." अर्थ दिलेला नाही.

नामांतराच्या प्रकरणावर मात्र काम थांबलं आहे. ज्यांची नावं आजींनी घेतली त्यांतला एक जण गेला, एक गावातच आहे आणि एकाचा मुलगा आता बऱ्या पदावर आहे. वकीलसाहेब म्हणतात, नावं टाकलीत तर अब्रूनुकसानीचा दावा होऊ शकतो, तुमच्याकडे आजीच्या आवाजाशिवाय पुरावा काय? निवृत्त मित्र म्हणतो, आद्याक्षरं टाकू. मास्तर म्हणतात, मग यंत्राने काय वेगळं केलं होतं? आजींना विचारलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि उलट त्यांनीच विचारलं, "तुमाला भ्याव वाटतं का?"

आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. त्या प्रकरणाची चार पानं टेबलावर तशीच आहेत. रविवारी वकीलसाहेबांना घेऊन आजीच्या गावी जायचं ठरलंय.